इंजेक्शन स्वस्त झाले. ते द्यायला जाणार कोण?

लेनाकॅपाविरच्या बातमीत दोनच पात्रे होती: रेणू आणि किंमत. एचआयव्हीचा संसर्ग टाळण्यासाठी वर्षातून दोनदा घ्यावयाचे हे इंजेक्शन. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातील चाचणीत ते मिळालेल्या २,१३४ मुली व तरुण स्त्रियांपैकी एकीलाही लागण झाली नाही. अमेरिकेत वर्षाकाठी २८ हजार डॉलरहून अधिक किमतीचे हे औषध डॉ. रेड्डीज आणि हेटेरो या हैदराबादच्या कंपन्या २०२७ पासून सुमारे ४० डॉलरमध्ये अल्प व मध्यम उत्पन्नाच्या १२० देशांना पुरवणार आहेत. भारतीय औषधनिर्मितीच्या या पराक्रमाचे कौतुक व्हायलाच हवे. मात्र त्याच्या पाठोपाठ काढला जाणारा निष्कर्ष भाबडा आहे: वस्त्यांतून होणारे प्रबोधन, गल्लीतल्या बैठका, कंडोमचे वाटप ही सारी आता जुन्या जमान्याची साधने झाली, असा.

हा निष्कर्ष विज्ञानाच्याच कसोटीवर टिकत नाही. प्रतिबंधक गोळी याआधीच आली होती आणि तीही गुणकारी होती. तरी आफ्रिकेतील पाच हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेली ‘व्हॉइस’ ही चाचणी फसली. परत आलेल्या गोळ्या मोजल्या तर स्त्रिया औषध नेमाने घेत आहेत असे दिसे. रक्त तपासले तर तीसेक टक्के नमुन्यांतच औषध सापडे. घरात गोळ्यांची बाटली दिसली की ‘हिलाच रोग आहे’ अशी कुजबुज सुरू होण्याची भीती, हे त्यामागचे एक मोठे कारण. रेणू निर्दोष होता. तो पोटात गेलाच नाही.

आता कोलकाता आणि म्हैसूर पाहा. देहविक्रयातील स्त्रियांच्याच संघटनांनी, दरबार आणि अशोदया यांनी, तीच गोळी एकूण तेराशेहून अधिक स्त्रियांना दिली. बहुसंख्य स्त्रिया शेवटपर्यंत टिकल्या आणि त्या काळात एकीलाही लागण झाल्याचे आढळले नाही. गोळी तीच होती. देणारे हात वेगळे होते.

ते हात घडायला पाव शतक लागले. १९९२ साली डॉ. स्मरजित जाना यांनी सोनागाचीत काम सुरू केले, तेव्हा कंडोमचा वापर तीन टक्क्यांच्या आसपास होता. दशक संपेपर्यंत तो ऐंशीच्या पुढे गेला. हे भित्तिपत्रकांनी झाले नाही. गिऱ्हाईक कंडोमला नकार देते, तेव्हा त्या स्त्रीला ज्ञानाची नव्हे, नकार देण्याच्या ताकदीची गरज असते. आणि ज्या बाईच्या घरी उद्याच्या तांदळाची भ्रांत आहे, जिच्या मानगुटीवर सावकार बसला आहे, ती गिऱ्हाईक परत पाठवू शकत नाही. म्हणूनच तेथे १९९५ मध्ये स्त्रियांची ‘उषा’ ही सहकारी पतसंस्था उभी राहिली. रोगप्रतिबंधाच्या कार्यक्रमात बचत खाते कशाला, असे विचारणाऱ्यांना संसर्गाची साखळी कोठे तुटते हेच उमगलेले नसते.

मुंबईच्या वस्त्यांतील निम्म्याच्या आसपास स्त्रिया त्या काळी बाधित आढळत असताना सोनागाचीत हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास राहिले. दोन शहरांच्या तुलनेवर शंका घेता येते, घ्यावीही. पण बंगालमधल्याच दोन लहान ठिकाणी या पद्धतीची तुलनात्मक चाचणी झाली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार कंडोमचा वापर उपक्रमाच्या ठिकाणी ३९ टक्क्यांनी वाढला, दुसऱ्या ठिकाणी ११ टक्क्यांनी. समाजकार्य म्हणून बाजूला सारला जाणारा हा पुरावा रेणूच्या पुराव्याइतकाच वैज्ञानिक आहे.

लेनाकॅपाविरला तर या माणसांची गरज अधिकच आहे. पहिल्या दिवशी इंजेक्शनांसोबत गोळ्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा गोळ्या. दर सहा महिन्यांनी परत यायचे, प्रत्येक डोसआधी एचआयव्हीची तपासणी करायची. कारण लागण झालेल्या शरीरात हे एकच औषध गेले तर विषाणू त्याला दाद न देण्यास शिकू शकतो. डोस चुकला तरी औषधाचा अंश महिनोन्‌महिने शरीरात रेंगाळतो आणि तोच धोका उभा राहतो. दरम्यान ती स्त्री शहर बदलते, मोबाईल क्रमांक बदलते, कधी नावही बदलते. तिला शोधून काढणारी व्यक्ती एकच: पीअर एज्युकेटर, म्हणजे त्याच गल्लीतली, त्याच व्यवसायातली प्रशिक्षित कार्यकर्ती. राष्ट्रीय कार्यक्रमाच्या निकषांनुसार सुमारे ६० जणींमागे अशी एक असते आणि सहामाही तपासणीसाठी ती त्यांना आजही केंद्रावर आणतेच. इंजेक्शनचे वेळापत्रक जणू तिच्याच वहीतून उतरवले आहे. तरीही तिला मिळते ते मानधन. वेतन नाही. संस्थेचे अनुदान रखडले की तेही रखडते.

देशातील प्रौढांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण ०.२ टक्के आहे, म्हणून निर्धास्त होणाऱ्यांनी सुईने अमली पदार्थ घेणाऱ्यांकडे पाहावे. २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत त्यांच्यातील प्रमाण ९ टक्के होते. मिझोरममध्ये तर सर्वसाधारण प्रौढांमध्येही ते अडीच टक्क्यांच्या वर आहे. तेथे लेनाकॅपाविर एचआयव्ही अडवील, हेपटायटिस सी अडवणार नाही. त्यासाठी स्वच्छ सुया, ब्युप्रेनॉर्फिनसारखे पर्यायी उपचार आणि पोलिसांच्या भीतीने पळून न जाणारी माणसे लागतील. कंडोम बाळगणे हा गुन्ह्याचा पुरावा मानू नये, हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये सांगावे लागले, यातच सारे आले.

राष्ट्रीय कार्यक्रमाच्या पाचव्या टप्प्यासाठी २०२१ ते २०२६ या पाच वर्षांकरिता १५,४७१ कोटी रुपयांची तरतूद होती. पुढच्या टप्प्यात नव्या औषधाच्या खरेदीचा आग्रह धरला जाईल, आणि तो रास्तच आहे. त्याच पानावर सोनागाची, म्हैसूर आणि ऐझॉलमधल्या कार्यकर्त्यांच्या नियमित वेतनाचा रकाना हवा.