आपल्या समुद्रातला घरकोंबडा

२०१६ सालच्या जानेवारीत मुंबईला जुहूच्या वाळूवर सुमारे ३५ फुटी मेलेला देवमासा लागला आणि बघ्यांची जत्रा लोटली. एवढे धूड कुठल्या तरी बर्फाळ समुद्रातून भरकटत आले असेल, असे आपल्या नाशिककडच्या माणसाला वाटणे साहजिकच. पण तो परका नव्हता. तो होता ब्रूडाचा देवमासा.

जगातले बरेच मोठे देवमासे उन्हाळ्यात ध्रुवाकडे चरायला जातात आणि विणीसाठी उबदार पाण्यात परततात. धनगर मेंढरे घेऊन फिरतो तसेच म्हणा ना. हा मात्र घरकोंबडा! हिंदी, प्रशांत, अटलांटिक या तिन्ही महासागरांत तो आहे, पण बारा महिने उबदार पाण्यातच. ऐंशी-नव्वद फुटी निळ्या देवमाशापुढे हा धाकटाच, पन्नास फुटांच्या आतबाहेरचा. किनाऱ्यालगत राहणारा प्रकार तर त्याहून लहान. त्याची शास्त्रीय नोंद झाली ती ब्रह्मदेशात १८७१ साली अडकून पडलेल्या एका देवमाशावरून. त्याचा सांगाडा कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममध्ये गेला.

याच्या तोंडात दात नाहीत. वरच्या जबड्याला दोन्ही बाजूंना अडीचशेहून अधिक पातळ पट्ट्या लोंबतात, आतल्या कडेला केसांची झालर. आपली नखे आणि बैलाची शिंगे ज्या द्रव्याची, त्याच द्रव्याच्या या पट्ट्या. तारली-बांगड्याचा थवा दिसला की हा आ वासतो, गळ्याखालच्या चुण्या पखालीसारख्या फुगतात, मग पाणी झालरीतून गाळून बाहेर आणि मासळी पोटात.

नाव देवमासा, पण हा मासा नव्हे. फुप्फुसाने श्वास घेतो, पिल्लाला दूध पाजतो. आपली म्हैस दहा महिने दहा दिवस गाभण राहते, ही मादी जवळजवळ वर्षभर. पिल्लू एकच, जन्मतःच तेरा फुटांचे!

आणखी एक. ‘देवमाशाची उलटी’ म्हणून लाखोंच्या गोष्टी सांगणारे हल्ली गावोगाव भेटतात. ते अंबर या देवमाशात होतच नाही. दात असलेल्या स्पर्म व्हेलच्या आतड्यात होते. आणि खरे असले तरी त्याची खरेदी-विक्री १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. जमीन गहाण ठेवून तुरुंग कशाला विकत घ्यायचा?

मालवणला कधी होडीत बसलात आणि पाण्यातून फवारा उडाला, तर त्याचे डोके नीट बघा. इतरांच्या डोक्यावर एकच उभा कंगोरा असतो, याच्या डोक्यावर तीन.