दोनाची चार चाके

दिवाळीचे दिवे विझतात न विझतात तोच डिसेंबरची ७ तारीख जवळ येते. १९४९ पासून हा दिवस सशस्त्र सेना ध्वजदिन म्हणून पाळला जातो. शाळेत, कचेरीत कोणीतरी डबा घेऊन येतो. आपण त्यात नाणे टाकतो, छातीवर कागदी निशाण टोचून घेतो आणि संध्याकाळपर्यंत ते कुठे पडले याची आठवणही उरत नाही. वाचकहो, त्या नाण्याचे पुढे काय होते, हे आज थोडे पाहू. कारण त्याच्या अनेक वाटांपैकी एका वाटेच्या शेवटी एक स्कूटर उभी आहे.

ही स्कूटर साधी नव्हे. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक चाक जोडलेले असते, म्हणजे थांबताना पाय टेकवावा लागत नाही. लग्नात दोनाचे चार हात होतात, इथे दोनाची चार चाके होतात. आणि दोन्हीकडे माणसाचा संसार मार्गी लागतो.

अतिशयोक्ती वाटते? मग आमच्या अकोटात या. सातपुड्याच्या पायथ्याचे, कपाशीच्या शिवारातले हे गाव. बँक एका टोकाला, बाजार दुसऱ्या टोकाला आणि शेत त्याहून लांब. ज्याचा पाय गेला, त्याला यांतले काहीच परके होत नाही. फक्त प्रत्येक ठिकाणी ‘कोणी नेईल तेव्हा’ जावे लागते. ज्याने एके काळी सरहद्दीवर रात्री जागवल्या, त्याने पेन्शन काढायला पुतण्याच्या सवडीची वाट पाहावी, हे दुःख पायाच्या दुःखाहून लहान नाही.

तर या गाडीसाठी मदत मिळते. पण तिची दारे दोन आहेत, आणि चुकीचे दार ठोठावले तर महिने वाया जातात. नोकरीत असतानाच अपंगत्व आले असेल, तर स्थलसैनिकासाठी सेना मुख्यालयाच्या ॲडज्युटंट जनरल शाखेची योजना आहे. निवृत्तीनंतर अपंगत्व आले, ते ५० टक्के वा अधिक आहे आणि त्या योजनेत आपण बसत नाही, अशा माजी सैनिकासाठी दिल्लीचे केंद्रीय सैनिक मंडळ बदल केलेल्या स्कूटरला अनुदान देते. अर्ज मंडळाच्या संकेतस्थळावर भरायचा. तो अकोल्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पुण्याच्या सैनिक कल्याण विभागाकडे आणि तिथून दिल्लीला जातो. अनुदानाचा आकडा वेळोवेळी बदलतो. तेव्हा शेजाऱ्याला किती मिळाले ते ऐकून गाडीचा सौदा करू नये, आधी कार्यालयात विचारावे.

दुसरी गाठ टक्क्यांची. फौजेच्या वैद्यकीय मंडळाने ठरवलेला टक्का पेन्शनच्या कागदावर असतो. १९९६ पासून पेन्शनच्या हिशेबात हा टक्का वरच्या टप्प्याला नेण्याची पद्धत आली. पन्नासच्या आतला पन्नास धरायचा, त्यापुढचा पंचाहत्तर, त्याहून पुढचा शंभर. म्हणजे हिशेबात धरलेला टक्का वेगळा आणि डॉक्टरांनी तपासून लिहिलेला वेगळा. अर्जात दोन्हींची गल्लत केली की कागद परत आलाच म्हणून समजा. शिवाय मुलकी सवलतींसाठी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखालचे प्रमाणपत्र आणि ओळखपत्र लागते. तिथे मोजमाप ४० टक्क्यांपासून सुरू होते. फौजेचा कागद पेटीत आहे म्हणून हा दुसरा कागद टाळता येत नाही.

तिसरी गाठ परवान्याची. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात अशा माणसाच्या गाडीला ‘इनव्हॅलिड कॅरेज’ म्हणत. मराठीत सांगायचे तर दुर्बळाची गाडी. २०१९ च्या दुरुस्तीने परवान्याच्या वर्गात त्या जागी ‘अडॅप्टेड व्हेइकल’, म्हणजे माणसाला जुळवून घेतलेली गाडी, हे शब्द आले. नुसता शब्द बदलला म्हणाल, तर तसे नव्हे. आता बदलायचे ते गाडीने, माणसाने नव्हे, अशी कायद्यानेच कबुली दिली. मात्र चाके जोडून घेतली की काम संपले असे समजू नये. बदलाची नोंद आर.टी.ओ.कडे गाडीच्या कागदावर झाली पाहिजे आणि विमा कंपनीलाही कळवले पाहिजे; नाही तर अपघाताच्या वेळी भरपाईचे भांडण उभे राहते.

एवढे सांगितले तरी आमच्याकडचा जुना शिपाईगडी मान हलवतो. म्हणतो, “भीक मांगल्यावानी वाट्टे बाप्पा!” त्याला एवढेच सांगावे, की भरतीच्या दिवशी फौजेने तुझ्याकडून कागद भरून घेतला, तेव्हा ती तुझ्याकडे भीक मागत नव्हती. आताचा कागद हा त्याच व्यवहाराचा उरलेला अर्धा भाग.

आणि साधन मिळाले की माणूस काय करतो? सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्यांनी जायबंदी झाले. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये त्यांनी ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळवले. २०१८ मध्ये पद्मश्री आली. पाण्यात चाके लागत नाहीत हे खरे, पण पाण्यापर्यंत जायला लागतात.

आता एक गाऱ्हाणे. अकोट ते अकोला पंचेचाळीस किलोमीटरच्या आसपास. चालता येत नाही हे सिद्ध करण्यासाठी माणसाने एवढ्या फेऱ्या माराव्यात, यात विनोद असेल तर तो फार कडू आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये गांधीग्रामचा पूर्णेवरचा जुना पूल वाहतुकीला बंद झाला, तेव्हा धडधाकट माणसांनाही वळसे घालताना कळले, की वाट तुटली म्हणजे काय होते. पुढच्याच महिन्यात अकोटची ब्रॉडगेज गाडी सुरू झाली आणि लोकांनी सुस्कारा टाकला. अपंग सैनिकाचा पूल मात्र रोजच बंद असतो. वर्षातून दोनदा सैनिक कल्याणाचा कारकून, तपासणीचे डॉक्टर आणि आर.टी.ओ.चा माणूस असे तिघे एकाच दिवशी अकोटच्या तहसिलीत बसले, तर तीन गाठी एका बैठकीत सुटतील. याला नवा कायदा नको, फक्त तारीख ठरवायला हवी.

तोवर काम आपले. फराळाला जाल त्या घरी असा कोणी असेल, तर चकलीबरोबर एक प्रश्न विचारा: ‘काका, अर्ज केला का?’ नसेल केला, तर आपण भरून द्यावा. निशाण टोचून घेण्याइतकेच ते सोपे आहे, आणि संध्याकाळी गळून पडत नाही.