पावतीपुस्तकात नसलेला आजार

गणेशोत्सव जवळ आला की गिरगावपासून लालबागपर्यंत चाळींच्या जिन्यांवर पावतीपुस्तके हिंडू लागतात. कार्यकर्ते दार वाजवितात, घरधनी थोडी घासाघीस करतो, आणि अखेर मागल्या वर्षापेक्षा चार रुपये अधिकच देतो. मुंबईच्या सार्वजनिक जीवनाचा पाया या पावतीपुस्तकाने घातला आहे, असे म्हणावयास हरकत नाही. १८९३ साली गिरगावच्या केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणपती बसला तो वर्गणीवर. १९३४ साली लालबागच्या कोळ्यांनी आणि विक्रेत्यांनी आपला गणपती बसविला तोही वर्गणीवरच. ८ जुलै १९२१ रोजी बालगंधर्व आणि केशवराव भोसले या दोन प्रतिस्पर्धी नटश्रेष्ठांनी मुंबईत एकत्र येऊन ‘मानापमान’ केले, ते टिळक स्वराज्य फंडासाठी. अंताजीपंत काळे यांनी पैसापैसा गोळा करून उभारलेल्या पैसा फंडातून तळेगावास काचेचा कारखाना निघाला. चांगल्या कामासाठी हात पसरणे आणि ज्याला जसे जमेल तसे देणे, या दोन्ही गोष्टी मराठी समाजाने फार पूर्वी शिकून घेतल्या आहेत.

रोग्यांच्या बाबतीतही हा समाज हात आखडता घेत नाही. मंडपाशेजारी रक्तदानाचे शिबिर आता आरतीइतकेच नित्याचे झाले आहे. लालबागच्या मंडळाच्या वतीने डायलिसिसचे केंद्र चालते. २०२० साली साथीमुळे मूर्ती न बसविता त्याच मंडळाने आरोग्योत्सव केला आणि रक्त व प्लाझ्मा गोळा केला. परळच्या टाटा रुग्णालयातील कर्करोग्यांसाठी या शहरात किती कार्यक्रम होतात, याची मोजदाद करणे कठीण. परंतु या सर्व दातृत्वाच्या यादीत एक आजार शोधूनही सापडत नाही. मनाच्या आजाराचे, आणि विशेषतः त्यावरील संशोधनाचे, पावतीपुस्तक आमच्या पाहण्यात कधी आलेले नाही.

हे वैगुण्य केवळ आपले आहे असे नव्हे. ब्रिटनमधील ‘एमक्यू’ या संस्थेने २०१५ साली तेथील हिशेब मांडला. कर्करोगाच्या संशोधनावर सरकार एक पौंड खर्च करते, तेव्हा त्याच कामासाठी तेथील जनता दोन पौंड पंचाहत्तर पेन्स देते. मानसिक आजारांच्या संशोधनावर सरकारने एक पौंड खर्च केला, तर जनता देते एका पेनीचा साधारण तिसरा हिस्सा. आपल्याकडे असा हिशेब कोणी मांडलाच, तर तो याहून बरा निघेल असे मानण्यास आम्हांस काही आधार दिसत नाही.

कारण उघड आहे. देणगी देणारा बहुधा कोणाच्या तरी नावाने देतो. वडील कर्करोगाने गेले म्हणून मुलगा देतो. बहिणीचे मूत्रपिंड बिघडले म्हणून भाऊ देतो. पावतीवर नाव येते, मंडपातल्या फलकावर ते झळकते आणि त्यात कोणास कमीपणा वाटत नाही. पण घरात स्किझोफ्रेनियाने ग्रासलेला भाऊ असेल, तर त्याच्या नावाने देणगी देणे म्हणजे साऱ्या चाळीला ती बातमी सांगणे होय. मग पाठच्या बहिणीचे लग्न जमावयाचे कसे? प्रस्तुत लेखक शाळामास्तर असताना वर्गातला एक तल्लख मुलगा दहावीच्या वर्षी येईनासा झाला. घरच्यांनी टायफॉइड म्हणून सांगितले. टायफॉइड दोन वर्षे टिकत नाही, हे आम्हांस कळत होते. आम्ही विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही, आणि हजेरीपटावरून ते नाव रीतसर कमी झाले. त्या मौनात आम्हीही भागीदार होतो.

हे मौन मोडता येते याचा दाखला मराठी माणसानेच घालून दिला आहे. कॅनडातील कॅलगरी येथे संख्याशास्त्राचे प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी यांनी आपल्या पत्नीचा स्किझोफ्रेनिया लपविला नाही. तेथील मराठी मंडळींना हाताशी धरून त्यांनी महाराष्ट्रातील कामांसाठी पैसा उभा केला, १९९७ साली पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन स्थापिली, आणि ‘देवराई’ या २००४ सालच्या चित्रपटामागेही ते उभे राहिले. २०१७ साली त्यांचे निधन झाले. घरातले दुखणे चारचौघांत बोलून दाखविल्यावर मदतीचे हात पुढे येतात, हे त्यांच्या उदाहरणाने सिद्ध झाले. मात्र प्रत्येकाकडून एवढ्या धैर्याची अपेक्षा धरणे न्याय्य नाही, आणि त्याची गरजही नाही. आपल्या जुन्या रीतींतच यावर उतारा आहे. दानपेटीतल्या गुप्तदानाला कोणी नाव विचारीत नाही. साहित्य संघ मंदिरात किंवा शिवाजी मंदिरात मदतीचा प्रयोग लावला, तर तिकीट काढणारा नाटकासाठी आला की भावासाठी, हे पाहावयास कोणी जात नाही. ज्या आजाराला नाव लपवावे लागते, त्याच्यासाठी पैसा उभा करण्यास नाटकाच्या तिकिटाइतके सोयीचे साधन दुसरे नसेल.

येथे एक रास्त आक्षेप घेतला जाईल. रोग्यांना औषध नाही, खाटा नाहीत, डॉक्टर पुरेसे नाहीत; अशा वेळी संशोधनाची चैन कशाला? आमचे उत्तर असे की, उपचार हे सरकारचे कर्तव्य आहे आणि ते त्याच्याकडून हक्काने वसूल केले पाहिजे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला असून सरकारी सेवेतून उपचार मिळण्याचा प्रत्येकाचा हक्क त्याने मान्य केला आहे. तो हक्क वर्गणीने विकत घेऊ लागलो, तर सरकारला जबाबदारी झटकण्यास आपणच निमित्त पुरवू. संशोधनाची गोष्ट निराळी. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणी केली. प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार होता आणि निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रोगी उपचारांवाचून होते, असे तीत आढळले. ही पाहणी बारा राज्यांत झाली. त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. नेते आणि वृत्तपत्रे (आम्हीही त्यांतच आलो) महाराष्ट्राविषयी बोलताना हे आकडे बिनदिक्कत वापरतात, तेव्हा ते इतर राज्यांच्या मोजमापाने आपला अंगरखा बेतीत असतात.

जागृतीच्या नावाने जे कार्यक्रम चालतात, त्यांविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. २००४ पासून शहरात मॅरेथॉन होते आणि तिच्याद्वारे अनेक संस्थांना पैसा मिळतो. ही चांगलीच गोष्ट आहे. पण ‘मनाची काळजी घ्या’ असे छापलेला सदरा घालून धावणाऱ्यास, काळजी घ्यावयाची म्हणजे नेमके काय करावयाचे, असे विचारले तर उत्तर कोठून येणार? ते उत्तर ज्ञानातून येते, आणि ज्ञान मिळविण्यास वर्षानुवर्षे कंटाळवाणे काम करावे लागते. त्या कामाचे छायाचित्र काढता येत नाही, हाच त्याचा मोठा अवगुण!

असे काम याच परळात झालेले आहे, हे पुष्कळ परळकरांस ठाऊक नसेल. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या आपल्या जुन्या वनस्पतीचा रक्तदाबावरील परिणाम तपासून १९४९ साली ब्रिटनच्या हृदयरोगविषयक नियतकालिकात प्रसिद्ध केला. जगाचे लक्ष या मुळीकडे वेधले गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रेझरपीन हे द्रव्य वेगळे काढण्यात आले, आणि १९५४ साली न्यूयॉर्कच्या डॉ. नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांवर त्याचा उपयोग केल्याचे प्रसिद्ध केले. पुढे अधिक चांगली औषधे आली आणि रेझरपीन मागे पडले. पण या द्रव्याने मेंदूतील सेरोटोनिनचा साठा घटतो, हे १९५५ साली दिसून आल्याने मन आणि मेंदूतील रसायने यांच्या संबंधाचा शोध पुढे सरकला. रक्तदाबाचा अभ्यास करावयास निघालेली वाट मनोविकाराच्या दारी पोहोचली! त्याच रुग्णालयात डॉ. एन. एस. वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पातंजल योगातील कल्पनांचा मनोविकारांवरील उपचारांत उपयोग करून पाहिला आणि १९६६ साली त्याचे निष्कर्ष ब्रिटनमधील मानसोपचारविषयक नियतकालिकात मांडले.

आता त्याच परिसरात एक प्रश्न उत्तराची वाट पाहत उभा आहे, आणि तो फार काळ उभा राहणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९६० च्या दशकात नऊ देशांतील केंद्रांत स्किझोफ्रेनियाचा अभ्यास आरंभिला. त्यात आपल्याकडील आग्रा होते. दोन वर्षांनी पुन्हा तपासले असता आग्र्यासारख्या ठिकाणचे रोगी संपन्न देशांतील रोग्यांपेक्षा बरे निघाले. हे का घडले, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. एकत्र कुटुंबाचा, रोग्याला सामावून घेणाऱ्या शेजाराचा तो परिणाम असावा, असे काहींचे म्हणणे. चाळीत राहिलेल्या माणसास हे म्हणणे पटकन पटते. चाळीच्या सामाईक गॅलरीत एखादा ‘थोडा वेगळा’ मनुष्य दिवसभर बसलेला असे, कोणी त्याला चहा देई, कोणी दूध आणावयास पाठवी, तो वाट चुकला तर कोणी घरी आणून सोडी. पण चाळीचे हे गोडवे गाताना दुसरी बाजू विसरता कामा नये. त्याच गॅलरीत त्याला वेडा म्हणून खडे मारणारी पोरेही होती, आणि दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसांत एक पिसाट झालेला रोगी सांभाळणाऱ्या आईचे काय होई, हे तिलाच माहीत. १९८२ च्या गिरणी संपाचे आर्थिक हिशेब पुष्कळांनी मांडले. त्या काळात खचलेल्या मनांचे हिशेब ज्या त्या घराने आपल्यापाशीच मिटविले.

तेव्हा चाळ रोग्याला तारते की मारते? नायगावच्या आणि ना. म. जोशी मार्गावरील बी. डी. डी. चाळी आज पुनर्विकासात आहेत. गिरगाव-लालबागेत जुन्या इमारतींच्या जागी मनोरे चढत आहेत. तीच कुटुंबे, तेच रोगी, आता बंद दाराच्या घरांत विसाव्या मजल्यावर राहावयास जाणार. त्यांचे औषध नियमित राहते की सुटते, रुग्णालयाच्या खेपा वाढतात की घटतात, सांभाळणाऱ्यास उसंत मिळते की तो एकटा पडतो, हे स्थलांतरापूर्वी आणि नंतर अशा दोन्ही वेळी तपासले तरच कळेल. शेवटची चाळ पडल्यावर हा अभ्यास करता येणार नाही. आणि दिल्लीच्या किंवा परदेशाच्या निधीने तो आपण होऊन हाती घ्यावा, अशी आशा करण्यातही अर्थ नाही. या चाळींचे मोल त्यांना कसे कळावे?

यास लागणारा पैसाही अफाट नाही. यंत्रे नकोत, इमारत नको. काही वर्षांचा पगार मिळालेले आठ-दहा शिकलेले तरुण, त्यांच्यावर देखरेख करणारे महापालिका रुग्णालयातील मानसोपचार विभाग, आणि ‘जीव घाबरतो’, ‘मन लागत नाही’, ‘डोक्यात मुंग्या येतात’ या येथल्या माणसाच्या बोलण्याचा नीट अर्थ लावणाऱ्या मराठी प्रश्नावल्या, एवढ्यावर काम सुरू होईल. संशोधनासाठी देणग्या स्वीकारणारे विश्वस्त निधी मोठ्या रुग्णालयांशी जोडलेले आहेतच. मंडळांनी मात्र एक पथ्य पाळावे. एका वर्षी धनादेशाचे छायाचित्र काढून दुसऱ्या वर्षी पाठ फिरवू नये. निदान पाच वर्षांचा शब्द द्यावा. डॉक्टरांनीही आपले पथ्य पाळावे. रोग्याच्या आणि कुटुंबाच्या संमतीवाचून एक ओळ लिहू नये, कोणाचे नाव बाहेर जाऊ देऊ नये, आणि दरसाल गणपतीत त्या त्या मंडपाच्या फळ्यावर, साध्या मराठीत, किती पैसे आले, कशावर गेले आणि काय आढळले ते लिहून ठेवावे. ज्या वर्षी काहीच आढळले नसेल, त्या वर्षी तसेही लिहावे.