मसाला टोस्टमधील संकराची कसोटी

मुंबईच्या कचेऱ्या, महाविद्यालये आणि रेल्वे स्थानके यांच्या आसपास मसाला टोस्ट विकणाऱ्या गाड्यांच्या फळ्यांवर अलीकडे पिझ्झा टोस्ट, शेजवान टोस्ट, मेयोनीज टोस्ट आणि चॉकलेट टोस्ट अशी जी नामावळी लांबत चालली आहे, ती वाचून परक्या जिन्नसांच्या शिरकावाविरुद्ध फिर्याद गुदरावी असे मला मुळीच वाटत नाही. कारण ज्या पदार्थाच्या शुद्धतेचा कैवार घेऊन ही फिर्याद करावयाची, तो पदार्थ स्वतःच संकराचे अपत्य आहे. पोर्तुगीजांनी आणलेला बटाटा, इंग्रजी अमदानीत रुळलेला चौकोनी पाव, मोहरी, हळद आणि हिरव्या मिरचीची फोडणी, कोथिंबीर-पुदिन्याची चटणी आणि आणंदच्या सहकारी दुग्धशाळेचे खारे पिवळे लोणी, इतक्या निरनिराळ्या मुलखांचे जिन्नस दोन धातूच्या पात्यांमध्ये दाबून एकजीव करणारा हा कारागीर संकराच्या विद्येत कोणत्याही मोठ्या हॉटेलच्या आचाऱ्याला हार जाणारा नाही. माझा आक्षेप एवढाच की, ज्या कसोटीवर हा जुना संकर उतरला ती कसोटीच नव्या प्रयोगकर्त्यांनी बासनात गुंडाळून ठेवली आहे.

ही कसोटी अभिरुचीच्या आधी पदार्थविज्ञानाची आहे. पावाचा पृष्ठभाग खरपूस तांबूस व्हावयाचा, तर त्याचे तापमान सुमारे 140 अंश सेल्सियसच्या पुढे जावे लागते. परंतु जोवर त्या पृष्ठभागात पाणी झिरपत आहे, तोवर ते तापमान 100 अंशांच्या आसपासच अडून राहते आणि पाव भाजला न जाता नुसता वाफाळतो. म्हणूनच जाणता टोस्टवाला पावाच्या आतल्या बाजूस प्रथम लोणी फासतो आणि मग त्यावर चटणी पसरतो, कारण लोण्यातील सुमारे 80 टक्के स्निग्धांश चटणीचे पाणी पावात मुरू देत नाही. म्हणूनच तो टोमॅटो आणि काकडीच्या चकत्या कागदासारख्या पातळ कापतो. आणि म्हणूनच उकडलेल्या बटाट्याची निवड इतकी अचूक ठरते, कारण त्यातील पिष्ट आपले पाणी स्वतःपाशी धरून ठेवते आणि दाबाखाली भाजी वाहून न जाता कडेपर्यंत सारखी पसरते. लांब मुठींचा तो ॲल्युमिनियमचा टोस्टर निखाऱ्यांवर पालथा-उलथा करीत, मधूनमधून उघडून बाहेरून पुन्हा लोणी लावण्याची जी रीत आहे, तिच्यात दाब, उष्णता आणि स्निग्धता या तिहींचे जे तारतम्य सांभाळले जाते, ते कोणत्याही ग्रंथातून न शिकता केवळ हाताच्या सवयीने आत्मसात केलेले असते, आणि त्याबद्दल माझ्या मनात निखळ आदर आहे.

आता नव्या टोस्टकडे पाहावे. मोझरेला चीजमध्ये जवळजवळ निम्मे पाणी असते. त्यात टोमॅटोचा पातळ सॉस आणि ढोबळ्या मिरचीचे जाड तुकडे भरले की आतून सुटणारे पाणी पावाला आतल्या बाजूने भाजू देत नाही, आणि भरताड इतके जाड होते की बाहेरचा पापुद्रा करपेपर्यंत गाभा कोमटच राहतो. त्यानंतर भाजलेल्या टोस्टवर थंड चीज किसून त्याचा जो ढीग रचण्यात येतो, तो ना वितळतो, ना पावाशी एकरूप होतो. ज्या पदार्थाचा सारा मोठेपणा दाबण्यात आहे, त्याच्यावर न दाबलेले ओझे लादण्यात कसले कौशल्य आहे, हे मला आजवर उमगलेले नाही.

संकर कसा करावा याचा एक उत्तम दाखला फ्लोरिडातील टॅम्पा शहरात आहे. 1885 च्या सुमारास व्हिसेंते मार्तिनेझ इबोर या सिगार कारखानदाराने तेथे जी वसाहत उभी केली, त्या इबोर सिटीत क्युबन, स्पॅनिश आणि सिसिलीहून आलेले इटालियन कामगार शेजारी शेजारी राहत होते, आणि त्यांच्या सहवासात क्युबन सँडविचला तेथील रूप आले: भाजलेले डुकराचे मांस, हॅम, स्विस चीज, मोहरीचा सॉस, लोणचवलेली काकडी आणि या साऱ्यांच्या जोडीला इटालियनांची सलामी. मायामीचे क्युबन लोक सलामीला आजही परकी मानतात, आणि टॅम्पाच्या नगरपरिषदेने तर 2012 मध्ये ठराव करून आपल्या सँडविचवर जणू सरकारी मोहोर उमटविली. या वादात न्याय कोणाचा, हे मी सांगू शकत नाही. पण सलामी तेथे टिकली याचे कारण मला स्पष्ट दिसते. ती सुकी, पातळ आणि चरबीयुक्त असल्यामुळे तापल्या पत्र्याखाली दबली असता पाणी न सोडता स्नेह सोडते, आणि तो स्नेह पावाला आतून तळतो. शिवाय मोहरी आणि लोणचे यांची आंबट धार त्या चरबीचा जडपणा कापून काढते. आलेल्या पाहुण्याने घरचा कायदा पाळला, म्हणून तो घरचा झाला.

याच न्यायाने आपल्याकडे काय करता येईल, याचा विचार केला की किती तरी दालने खुली होतात. मोकळा, कोरडा झुणका घ्यावा. बेसन पाणी शोषून घेते, त्यामुळे तो बटाट्याचा समर्थ वारस ठरू शकतो, आणि त्याच्या जोडीला लसूण-खोबऱ्याची कोरडी चटणी लोण्यावर भुरभुरावी. भरीत मात्र या साच्यात घालू नये, ते कितीही रुचकर असले तरी पाणी सोडणारच. पण माझ्या मते या सर्वांत योग्य उमेदवार गोव्याचा चोरिस होय. व्हिनेगर आणि लाल मिरचीत मुरवलेले हे डुकराचे मांस कांद्याबरोबर पूर्ण कोरडे होईपर्यंत परतावे, पोदेरच्या, म्हणजे गोव्याच्या पाववाल्याच्या, भट्टीतला उंडो हा कडक कवचाचा पाव आडवा कापून त्यात पातळ थर द्यावा, आणि जड तव्याखाली मंद आचेवर दाबून भाजावे. क्युबन सँडविचमध्ये मोहरी आणि लोणचे बाहेरून घालावे लागते. येथे आंबटपणा मांसातच मुरलेला असल्याने त्या दोहोंची गरजच उरत नाही. हा पदार्थ टॅम्पाच्या सँडविचचा अनुवाद न होता त्याचा बरोबरीचा भाऊबंद होईल, अशी माझी खात्री आहे.

टोस्टवाल्यांपाशी मोठी सत्ता आहे, कारण शहराची चव घडविण्याचे काम पंचतारांकित स्वयंपाकघरांपेक्षा त्यांच्याच हातून अधिक होते. पण ते विकतात तेच, जे आपण मागतो. म्हणून माझी विनंती वाचकांना आहे. पुढच्या वेळी गाडीपुढे उभे राहाल तेव्हा वरून चीज किसू नका असे स्पष्ट सांगावे, नवा प्रकार मागावयाचा तर त्यातले भरताड कोरडे आहे ना याची चौकशी करावी, आणि टोस्ट हाती येताच तेथेच उभ्याने खावा. कागदात बांधून घरी नेलेला टोस्ट स्वतःच्याच वाफेने काही मिनिटांत मऊ पडतो.