चंद्र तुझ्या बापाचा नाही, गटार आमच्या बापाचं नाही

दोस्तांनो, एका कॉलेजकुमाराला आपली दया आलीय. सांभाळून राहा.

पोराला मिसरूड नीट फुटलं नाही तोवर सदर फुटलं. दर आठवड्याला सहाशे शब्द, वर फोटो, खाली नाव. या आठवड्यात त्यानं चंद्रयान पाडलं. २३ ऑगस्ट २०२३ ला संध्याकाळी ‘विक्रम’ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ अलगद टेकला होता, पण ह्याच्या सदरात येऊन आपटला. म्हणणं काय, तर ज्या देशात माणूस गटारात उतरून मरतो त्या देशानं चंद्रावर उतरायची लाज बाळगावी. सहाशे कोटी तिकडं उडवले, त्यात इकडं गटारं उपसायची यंत्रं आली असती. शेवटी दोन ओळी कळवळा. फोटो मात्र सदरवाल्याचा, गटारातल्याचा नाही.

वाचायला बरं वाटतं. आपल्यातल्याच दोन-चार पोरांनी टाळ्या पिटल्या. म्हणाले, बघ, आपली बाजू घेतली. म्हणून लिहायला बसलो. नाहीतर त्याच्या सदराला उत्तर देण्याइतका आपला कागद स्वस्त नाही.

पहिल्यांदा हिशेब. चंद्रयान-३ चा खर्च सुमारे ६१५ कोटी. २०२४-२५ च्या केंद्राच्या अर्थसंकल्पात सगळ्या अंतराळ खात्याला मिळून १३ हजार कोटींच्या आसपास, आणि एकूण अर्थसंकल्प ४८ लाख कोटींचा. म्हणजे सरकारच्या एका रुपयातला जेमतेम पाव पैसा. उरलेले पावणेशंभर पैसे कुठं जातात हे ह्या पोरानं कधी विचारलं नाही. त्याची नजर थेट आभाळात, कारण तिथं बोट दाखवलं की शेजारीपाजारी कुणी रागवत नाही.

आता गटार. बाबा, तुला खरंच वाटतं का, की यंत्र नाही म्हणून माणूस आत उतरतो? सक्शनच्या गाड्या आहेत, जेटिंगची मशीनं आहेत. तुझ्याच सोसायटीच्या दारात उभी असते बघ. माणसानं मैला वाहू नये म्हणून १९९३ ला कायदा झाला. २०१३ ला दुसरा, जास्त कडक झाला. २०१४ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं, १९९३ पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या घरी दहा लाख द्या. यान उतरल्यावर दोन महिन्यांच्या आत, २० ऑक्टोबर २०२३ ला, त्याच कोर्टाला तो आकडा तीस लाखांवर न्यावा लागला. कायदा होता, यंत्र होतं, कोर्ट होतं. तरी माणूस उतरतोच. का? कारण ठेकेदाराला गाडीपेक्षा माणूस स्वस्त पडतो. आणि माणूस स्वस्त का, ह्याचं उत्तर कुठल्या प्रयोगशाळेत नाही, त्याच्या आडनावात आहे. तो शब्द तुझ्या सहाशे शब्दांत एकदाही आला नाही. जात. लिहून बघ, दोनच अक्षरं आहेत.

माझा मामा ह्याच कामात हाडं झिजवून गेला. त्याच्या वेळेला कुठलं चंद्रयान नव्हतं. इस्रोचा एक रुपया खर्च न होताही त्याला उतरवलाच ना?

आणि आपल्या वाट्याचा पैसा कोण खातं ते ऐकायचंय? २०१० ला दिल्लीत कॉमनवेल्थचे खेळ झाले. अनुसूचित जातींच्या विशेष घटक योजनेतले सातशे कोटींच्या घरातले पैसे त्या खेळांकडं वळवले गेले. संसदेत गदारोळ झाला, सरकारला चूक कबूल करावी लागली. चंद्रयान-३ पेक्षा मोठी रक्कम, दोस्तांनो, आणि नुसती पळापळी-उड्या बघण्यात गेली. चंद्रानं नेली नाही. जमिनीवरच्यांनी नेली.

आता ह्या पोराचं राजकारण बघू. तीन आठवड्यांपूर्वीचं त्याचं सदर मी जपून ठेवलंय. विषय गुणवत्ता. आरक्षणानं म्हणे देशाच्या संस्थांचा दर्जा घसरतो. म्हणजे गटारात मेलो की आम्ही त्याचे लाडके, आणि वर्गात शेजारच्या बाकावर बसलो की दर्जा घसरला! मेलेला दलित ह्याला लेखाला पुरतो, जिता दलित स्पर्धेला पुरून उरेल ह्याची भीती. ही दया नाही. ही आपली जागा ठरवून देणं आहे. तू खाली राहा, मी वरून रडतो.

बाबासाहेबांनी १९४५ ला काँग्रेस आणि गांधींवर जो ग्रंथ लिहिला, त्यात ह्या रोगाची नाडी तपासलीय. दोष यंत्राचा नाही, यंत्राचा फायदा मूठभरांच्या घशात घालणाऱ्या समाजरचनेचा आहे, असं त्यांनी मांडलं. यंत्राशिवाय कष्टकऱ्याला फुरसत नाही, आणि फुरसतीशिवाय माणसाला माणसासारखं जगणं नाही. चरख्याकडं परत चला म्हणणारे तेव्हाही पोटभर जेवलेलेच होते.

कुणी म्हणेल, मग काय इस्रोची आरती करायची? नाही. टीका करायचीच तर खरी करा, जागा मी दाखवतो. १९६३ ला थुंब्याहून पहिलं रॉकेट उडालं, त्यासाठी कोळ्यांची वस्ती उठली, त्यांच्या चर्चमध्ये ऑफिस थाटलं. श्रीहरिकोट्याच्या बेटावर यानादी आदिवासी राहत होते, तळ उभारताना त्यांना हलवलं. रांचीच्या हेवी इंजिनिअरिंग कॉर्पोरेशननं श्रीहरिकोट्याच्या लाँचपॅडचं काम केलं, आणि २०२३ ला देश पेढे वाटत होता तेव्हा तिथल्या कामगारांचा पगार वर्षाहून जास्त थकला होता. संशोधनातल्या वरच्या वैज्ञानिक पदांना आरक्षणातून सूट देता येते, असा केंद्राचा नियम १९७० च्या दशकापासून आहे. ह्यातलं एक तरी सदरात आलं? कसं येईल! त्यासाठी कुणाच्या तरी दारात जाऊन विचारावं लागतं. चंद्राला शिव्या द्यायला नुसती गच्ची पुरते.

आणि उपग्रह गरिबाच्या काय कामाचा, हेही त्यानं विचारलंय. १९७५-७६ ला सुमारे २४०० खेड्यांत उपग्रहावरून टीव्ही दाखवला गेला, जिथं धड वीज पोचली नव्हती अशी खेडी त्यात होती. १९९९ च्या चक्रीवादळात ओडिशात दहा हजारांच्या आसपास माणसं मेली. २०१३ ला फायलिन आलं तेव्हा आधी कळलं, लाखो लोक हलवले, मेले ते शंभराच्या आत. एकट्या उपग्रहानं नाही वाचवलं, निवारे होते, रस्ते होते, दारोदार फिरणारे लोक होते. पण वरून डोळा नसता तर कुणाला कधी उठवायचं हे कळलं असतं का? वाऱ्यात पहिलं छप्पर उडतं ते कुणाचं, हे आपल्याला सांगायची गरज नाही.

आमचं पँथर हे नाव जिथून आलं, त्या अमेरिकेतल्या काळ्यांचीही एक गोष्ट आहे. जुलै १९६९. अपोलो-११ उडायच्या आदल्या दिवशी राल्फ अॅबरनॅथी गरीब कुटुंबं आणि खेचरांच्या गाड्या घेऊन तळाच्या दारात गेले. पोरं उपाशी आहेत, हे नासाच्या प्रमुखाला तोंडावर सुनावलं. पण यान पाडा म्हणाले नाहीत. अंतराळवीर सुखरूप यावेत म्हणून प्रार्थना करायला तयार झाले, आणि आपल्या लोकांसाठी उड्डाण बघायचे पास मागून घेतले. भूकही त्यांची, आभाळही त्यांचं. ह्याला म्हणतात टीका.

आमच्या वस्तीत त्या दिवशी संध्याकाळी एका मोबाईलभोवती पंधरा डोकी होती. यान टेकलं तसा एक पोरगा ओरडला, ‘आपलं उतरलं!’ त्या ‘आपलं’मध्ये त्यानं स्वतःला कुणाला न विचारता घेतलं होतं. सदरवाल्या, तुझा लेख त्या पोराला सांगतो, हे तुझं नाही, तुझं ते चेंबरचं झाकण.

हैदराबादच्या विद्यापीठात रोहित वेमुला नावाचा आपला एक भाऊ होता. कार्ल सेगनसारखा विज्ञानावर लिहिणारा लेखक व्हायचं होतं त्याला. १७ जानेवारी २०१६ ला तो गेला, आणि ही इच्छा त्याच्या शेवटच्या चिठ्ठीत राहिली. ताऱ्यांकडं बघणारा तो. त्याला ताऱ्यांनी मारलं नाही, तुझ्यासारख्यांच्या दर्जाच्या गप्पांनी घेरलं.

तेव्हा बाळा, पुढच्या आठवड्यात पुन्हा आमच्यावर लिहायचं असेल तर आधी एकदा गटाराच्या तोंडाशी ये. आत उतरू नकोस, कुणीच उतरू नये म्हणून आम्ही भांडतोय. नुसता वास घे आणि ठेकेदाराचं नाव छाप.

आम्हाला गटारातून वर यायचंय. किती वर, ते तू ठरवू नकोस.