दोन तुताऱ्या आणि आईचा चष्मा

२० मे २०२४ चा सोमवार आठवतोय? मुंबईतल्या मतदानाची सुट्टी वीकेंडला जोडून आली आणि माझा निम्मा ग्रुप अलिबागला पळाला. मी मात्र शहाण्या मुलीसारखी एसटी पकडून ओझरला गेले, कारण माझं नाव अजून तिथल्याच यादीत आहे. ओझर म्हणजे एचएएलचं गाव. आधी मिग बनली, मग सुखोई. डोक्यावरून विमान गेलं तरी इथे कुणी मान वर करत नाही. निवडणुकीचंही साधारण तसंच. पण त्या दिवशी आई बूथवरून आली आणि पाणी पिता पिता म्हणाली, "अगं, मशीनवर दोन तुताऱ्या होत्या का गं?"

होत्या ना! ओझर निफाड तालुक्यात, म्हणून लोकसभेला आम्ही दिंडोरीवाले. शरद पवारांच्या राष्ट्रवादीचे भास्कर भगरे, पेशाने शिक्षक, चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. आणि एक अपक्ष, बाबू भगरे, चिन्ह नुसती तुतारी. झाला की नाही लोच्या? भगरे सरांनी केंद्रात मंत्री असलेल्या भारती पवारांना १,१३,१९९ मतांनी हरवलं. आणि पाठीशी कुठलाच पक्ष नसलेल्या बाबू भगरेंना मिळाली १,०३,६३२ मतं! त्यातली त्यांची स्वतःची किती, कोण सांगणार?

आमच्या ग्रुपमध्ये एक प्रश्न कायम असतो. २०१६ मध्ये ट्रम्प आले, त्याआधी कधी कुठल्या पदावर निवडून आले नव्हते. २०१७ मध्ये मॅक्रॉन आले, मंत्री राहिलेले, पण तोवर एकही निवडणूक न लढलेले. २०१९ मध्ये युक्रेनमध्ये झेलेन्स्की, टीव्ही सिरियलमध्ये राष्ट्राध्यक्ष झालेल्या शिक्षकाची भूमिका करणारे. मग आपल्याकडे असा बाहेरचा माणूस का येत नाही, यार?

लोक चिडलेले असतात, हे उत्तर मला अर्धंच वाटतं. आम्ही काय कमी चिडलो होतो? डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली आणि लासलगावपासून ओझरपर्यंत चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता. मंत्री पडल्या त्यात त्या कांद्याचा वाटा मोठा होता. राग सगळीकडे असतो. प्रश्न रस्त्याचा आहे. तिकडे अख्ख्या देशाला एकच चेहरा निवडायचा असतो. मॅक्रॉनना पहिल्या फेरीत जेमतेम २४ टक्के मतं होती. दुसऱ्या फेरीत समोर एकच उमेदवार उरला आणि तिला नको म्हणणारेही यांच्याकडे आले, थेट ६६ टक्के! ट्रम्पनी तर नवा पक्ष काढायची तसदीही घेतली नाही, प्राथमिक फेऱ्या जिंकून जुनाच ताब्यात घेतला. इथे तसा शॉर्टकट नाही. दिल्लीत सरकार बसवायचं तर २७२ जागा हव्यात, आणि प्रत्येक जागी बूथवर बसणारी आपली माणसं.

विजय पांढरे आठवतात? नाशिकच्या 'मेटा'मधले मुख्य अभियंता. २०१२ मध्ये सिंचनाच्या खर्चावर पत्र लिहून त्यांनी राज्य हलवलं. २०१४ मध्ये ते 'आप'तर्फे नाशिकमधून उभे राहिले. माझं तेव्हा मतदानाचं वय नव्हतं, पण मनातल्या मनात मी त्यांना चार वेळा मत दिलं. चिडलेल्या नाशिकने छगन भुजबळांना पाडलं खरं, पण निवडून दिलं शिवसेनेच्या हेमंत गोडसेंना. पांढरे कुठल्या कुठे राहिले.

आणि आपले राष्ट्रपती? २००२ मध्ये अब्दुल कलाम आले, राजकारणाबाहेरचे. पण त्यांना मत देणारे खासदार-आमदार होते. बड्या पक्षांचं जमलं, म्हणून लक्ष्मी सहगल यांच्याविरुद्ध ते आरामात जिंकले. तुमच्या-माझ्या बोटाला त्यात शाई लागली नव्हती. २००६ मध्ये ते पुण्याहून सुखोईतून उडाले, तेव्हा आमच्या घरी मात्र ते आमचेच होते.

आईचा विषय अजून संपलेला नाही. बटण दाबल्यावर ती चिठ्ठी काचेमागे सात सेकंद दिसते. आईचा चष्मा पर्समध्ये होता. परवा फोनवर पुन्हा विचारत होती, "त्या चित्रात माणूस होता का गं?"