वाळीत टाकण्याचें स्वातंत्र्य

मनुष्यास वाळीत टाकणें हा गुन्हा आहे असें महाराष्ट्राच्या विधिमंडळानें २०१६ सालीं ठरविलें, व राष्ट्रपतींच्या संमतीनंतर तो कायदा २०१७ च्या जुलै महिन्यापासून अंमलांत आला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा त्यांत सांगितली आहे. कायदा चांगला आहे. आणि ज्यांनीं त्यासाठीं खटपट केली, ज्यांत २०१३ च्या ऑगस्ट महिन्यांत पुण्यास ज्यांची हत्या झाली त्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची व त्यांच्या सहकाऱ्यांची गणना प्रथम केली पाहिजे, त्यांचे समाजावर उपकार आहेत. परंतु ह्या कायद्यावर एक आक्षेप सुशिक्षित माणसेंहि घेतात, व तो हंसण्यावारीं नेण्यासारखा नाहीं. जातीस, पंथास किंवा मंडळीस आपल्यांत कोणास ठेवावें व कोणास ठेवूं नये हें ठरवितां येत नसेल, तर संघस्वातंत्र्यास अर्थ काय राहिला? सरकार प्रत्येक पंगतीचें आमंत्रण तपासूं लागलें, तर नाना पंथांचा हा देश एकाच सरकारी सांच्यांत ओतला जाणार नाहीं काय?

ह्या वादाचा निकाल खुद्द सर्वोच्च न्यायालयानें एकदां आक्षेपकांच्या बाजूनें दिलेला आहे, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत नसते. मुंबई सरकारनें १९४९ सालीं बहिष्कारास बंदी करणारा कायदा केला होता. दाऊदी बोहरा पंथाच्या धर्मगुरूंनीं त्यास आव्हान दिलें, व १९६२ च्या जानेवारींत पांच न्यायमूर्तींपैकीं चौघांनीं तो रद्द ठरविला. धर्मकारणावरून एखाद्यास पंथाबाहेर घालविणें हा पंथाच्या धर्मव्यवस्थेचाच भाग असून घटनेच्या २६ व्या कलमानें ती व्यवस्था पंथाकडे ठेविली आहे, असें त्यांचें म्हणणें पडलें. मुख्य न्यायमूर्ति सिन्हा एकटे विरुद्ध राहिले. बहिष्कृत मनुष्य स्वतःच्याच समाजांत अस्पृश्यासारखा होऊन बसतो, तेव्हां ही सत्ता काढून घेणारा कायदा व्यक्तीच्या स्वातंत्र्याचें रक्षणच करतो, असा त्यांच्या मताचा आशय होता. पुढें २०१६ च्या कायद्यानें १९४९ चा कायदा मोडीत काढला. परंतु मूळ तत्त्वाचा प्रश्न तसाच राहिला, आणि २०२३ च्या फेब्रुवारींत पांच न्यायमूर्तींनीं जुन्या निकालाचा फेरविचार अवश्य आहे असें म्हणून तो नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपविला. एकट्या सिन्हांचें मत साठ वर्षांनीं पुन्हा दारीं येऊन उभें राहिलें तें असें.

आमच्या मतें येथें दोन भिन्न गोष्टी एकाच शब्दाखालीं झांकल्या जातात. 'तुझी श्रद्धा आमची नाहीं, सबब आमच्या उपासनेचें पौरोहित्य तुजकडे नको,' असें एखाद्या पंथानें म्हणणें हें त्याचें स्वातंत्र्य होय. त्यांत सरकारनें पडूं नये. परंतु पंच जेव्हां वाण्यास मीठ विकूं नको म्हणतात, गिरणीवाल्यास दळण घेऊं नको म्हणतात, प्रेतास खांदा देणाऱ्यास दंड बसवितात, तेव्हां ते आपल्या वर्तनाचें नियमन करीत नसून दुसऱ्याच्या वर्तनावर हुकूम चालवीत असतात. वाण्याची मीठ विकण्याची इच्छा असते. पण विकलें तर तोच उद्यां वाळींत! म्हणजे ज्याचें स्वातंत्र्य प्रथम हिरावलें जातें तो बहिष्कृत नव्हे, तर त्याचा शेजारी. कोंकणांतील गांवकी असो कीं भटक्या जमातींची पंचायत असो, तिचें सारें बळ ह्या शेजाऱ्याच्या भीतींत आहे.

कोणी म्हणतील, बहिष्काराचें शस्त्र १९०५ नंतर ह्या देशानें विलायती मालाविरुद्ध उगारलेंच होतें कीं! होय, व ज्यानें आपल्या अंगावरचें मँचेस्टरचें कापड टाकून दिलें त्यानें कोणाचें कांहीं हिरावून घेतलें नाहीं. पण बंगाल्यांत तें कापड विकून पोट भरणाऱ्या गरीब दुकानदारांवर जेव्हां सक्ती होऊं लागली, तेव्हां रवींद्रनाथांनीं तिचा निषेध केला. तीच कसोटी येथेंहि लावावी.

इंग्रजी अंमलानें ह्या बाबतींत अंग चोरलें. १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनानें जातीचे तंटे दिवाणी कोर्टाबाहेर ठेविले. १८५० च्या कायद्यानें जातिभ्रष्टाचा वारसाहक्क तेवढा वांचविला. त्या कोंडींत १८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहावरून ग्रामण्य माजलें, आणि न्यायमूर्ति रानड्यांसारख्यालाहि १८९२ सालीं प्रायश्चित्त घ्यावें लागलें. ज्यांच्या शब्दाला सरकारदरबारीं वजन होतें त्यांची ही कथा. मग खेड्यांतल्या विधवेनें काय करावें? डॉ. आंबेडकरांनीं १९४७ सालीं घटनासमितीपुढें ठेवण्याकरितां जें निवेदन तयार केलें त्यांत सामाजिक बहिष्कार हा स्वतंत्र गुन्हा ठरवावा अशी मागणी होती, व तिचा नमुना त्यांनीं ब्रह्मदेशाच्या १९२२ च्या कायद्यावरून घेतला होता. हक्क मागणाऱ्या अस्पृश्यांचें धान्यपाणी तोडलें जातें, हा महाडच्या पिढीचा अनुभव त्या मागणीमागें होता.

२०१६ चा कायदा एकाच समाजांतल्या माणसांमधील बहिष्कारापुरता आहे. एका जातीनें दलितांवर किंवा आदिवासींवर घातलेल्या बहिष्कारासाठीं अत्याचार प्रतिबंधक कायद्यास २०१५ सालीं जोडलेलें कलम आहे. ह्या दोहोंच्या मधल्या फटींतून जो निसटतो, त्याचा विचार विधिमंडळानें अजून करावयास हवा. पण आम्हांस याहून अधिक काळजी वाटते ती तडजोडीच्या तरतुदीची. फिर्यादीची संमति व न्यायालयाची परवानगी असली म्हणजे हा गुन्हा मिटवितां येतो. संमति कोण देणार? ज्याचें दळण बंद आहे, ज्याच्या मुलीचें लग्न अडलें आहे, तोच! ज्या दडपणाविरुद्ध तो फिर्याद करावयास आला त्याच दडपणाखालीं तो सही करील. म्हणून परवानगी देण्यापूर्वीं मॅजिस्ट्रेटानें फिर्यादीस एकट्यास बोलावून विचारावें. विहीर, दुकान व स्मशान खुलें झालें आहे कीं नाहीं ह्याचा बहिष्कार प्रतिबंध अधिकाऱ्याकडून लेखी अहवाल मागवावा. आणि पंचांनीं घेतलेला दंड परत मिळाल्याची पावती दाखल झाल्याखेरीज कागदावर शिक्का मारूं नये.